गांजाची तलफ, मनाची सहनशक्ती आणि संगणक

गांजा सोडण्याचा निश्चय अनेक तरुण करतात आणि पहिल्या काही दिवसांतच अनेकांचा तो मोडतो. इच्छाशक्ती कमी पडली, असा ठपका घरचे ठेवतात. मानसशास्त्र मात्र आणखी एका कारणाकडे लक्ष वेधते. चिडचिड, अस्वस्थता, उदासी काही काळ सोसण्याची क्षमता ज्याच्याकडे कमी असते, त्याचा हात झुरक्याकडे लवकर वळतो. या क्षमतेला 'डिस्ट्रेस टॉलरन्स', म्हणजेच भावनिक सहनशक्ती, असे म्हणतात. ती सरावाने वाढवता येते आणि त्या सरावासाठी संगणकाची मदत घेता येते, या विचारातून गेल्या काही वर्षांत नवे उपचार आकाराला आले आहेत.

पहिला आठवडा कसोटीचा

गांजाचे नियमित सेवन थांबवल्यावर साधारणत: २४ ते ७२ तासांत त्रास सुरू होतो. झोप उडते, भूक मंदावते, राग अनावर होतो. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो व सुमारे दोन आठवड्यांत ओसरतो. झोपेची तक्रार मात्र अधिक काळ रेंगाळू शकते. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानसूचीत या लक्षणसमूहाचा समावेश केला. त्रास ओसरणारा आहे, पण 'हे मला सहनच होणार नाही' या समजुतीमुळे तो न संपणारा वाटतो. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांनी याच समजुतीवर बोट ठेवले होते. पुढे मार्शा लिनेहान यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी विकसित केली आणि त्रास सोसण्याच्या कौशल्यांना तीत स्वतंत्र स्थान दिले.

सहनशक्ती मोजायची कशी?

प्रश्नावलीबरोबरच संगणकावरील चाचण्याही वापरल्या जातात. एका चाचणीत पडद्यावरील ठिपका आकृतीच्या रेषेवरून न्यायचा असतो, पण माऊस उलट्या दिशेने चालतो आणि चूक होताच कर्कश आवाज होतो. दुसरीत पडद्यावर एकामागून एक आकडे येतात. प्रत्येक नवा आकडा आधीच्या आकड्यात मिळवायचा असतो आणि वेग वाढत जातो. चाचणी मध्येच सोडण्याची मुभा असते. किती गुण मिळाले यापेक्षा वैतागलेल्या अवस्थेत व्यक्ती किती वेळ टिकून राहिली, याला येथे महत्त्व असते.

उपचाराचे स्वरूप

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये कमी सहनशक्ती असलेल्यांसाठी संगणकाधारित उपचार प्रसिद्ध केला. अशा कार्यक्रमांत प्रथम भावनेची लाट चढते तशी उतरतेही, हे समजावले जाते. त्रासापासून पळ काढल्याने तात्पुरती सुटका होते, पण भीती मात्र बळावते, हेही उलगडून दाखवले जाते. त्यानंतर प्रत्यक्ष सराव असतो. अस्वस्थ करणाऱ्या प्रसंगाला थोडा वेळ सामोरे जायचे, भावनेला नाव द्यायचे आणि ती दडपण्याचा प्रयत्न न करता तिच्याकडे पाहायचे. दात-ओठ खाऊन सोसणे येथे अपेक्षित नाही. त्रास होत असतानाही आपण तलफेला नकार देऊ शकतो, हा अनुभव येणे महत्त्वाचे.

संगणकाच्या साह्याने व्यसनोपचार करण्याचे इतर प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कॅथलीन कॅरोल यांनी तयार केलेल्या वर्तनोपचार कार्यक्रमाची ७७ रुग्णांवरील चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचाराला या कार्यक्रमाची जोड मिळालेल्या गटात व्यसनाचे प्रमाण कमी आढळले. ऑस्ट्रेलियात २२५ गांजासेवकांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समुपदेशकाविना पूर्ण करायच्या सहा भागांच्या कार्यक्रमानंतर सेवनाचे दिवस घटले.

लाभ आणि मर्यादा

बदनामीच्या भीतीने दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या तरुणाला घरबसल्या, एकांतात सुरुवात करता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ. मात्र अर्ध्यावर सोडून देणाऱ्यांचे प्रमाण हा अशा कार्यक्रमांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. शिवाय भास, टोकाचा संशय वा आत्महत्येचे विचार असल्यास संगणकावर विसंबून न राहता तातडीने मानसोपचारतज्ज्ञाला गाठले पाहिजे.

भारतात हा प्रश्न लहान नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे ३.१ कोटी व्यक्तींनी वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांचे सेवन केले होते आणि सुमारे ७२ लाख जणांना त्यासाठी मदतीची गरज होती. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेली मानस'चा १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाईन उपलब्ध आहेत. पालकांसाठीही यात एक बोध आहे. 'सोड म्हणजे सुटेल' असे सुनावण्यापेक्षा पहिले दोन आठवडे मुलाच्या चिडचिडीला तोंड देत त्याच्यासोबत राहणे अधिक उपयोगाचे ठरते.