शिंदीच्या झाडांपासून सभेतल्या खुर्चीपर्यंत: सोलापूर, दारू आणि सावरण्याचा इतिहास

१/ सोलापूरचे चार हुतात्मे आणि १९३० चा मार्शल लॉ आपण शाळेत शिकलो. त्या प्रकरणाची ठिणगी शिंदीच्या झाडांपाशी पडली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आजचा धागा दारूविरुद्धच्या लढ्याचा आहे आणि त्या लढ्यात दीर्घकाळ विसरल्या गेलेल्या माणसाचाही.

२/ ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरातील जमाव रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी गेला. पोलिसांनी काहींना पकडले, लोकांनी सुटकेची मागणी केली, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात हुतात्मा झाला. १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ लागू झाला.

३/ झाडांवरच रोष का? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर ताडी, शिंदी आणि देशी दारू यांवर सरकारी नियंत्रण घट्ट झाले होते. अबकारी हा मुंबई इलाख्याच्या महसुलाचा मोठा स्रोत होता. शिंदीचे झाड तोडणे म्हणजे सरकारी तिजोरीवर घाव घालणे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

४/ पुढचे शस्त्र कायद्याचे. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली. ६ एप्रिल १९५० पासून ती संपूर्ण मुंबई राज्यात लागू झाली. दुकाने बंद झाली, हातभट्ट्या पेटल्या. साठच्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली. १९४९ चा कायदा मात्र अजूनही आहे. 

५/ आता एक प्रश्न. झाड तोडले, दुकान मिटले, भट्टी फुटली. पण ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्या माणसाचे काय? आपल्या दप्तरांत तो आरोपी म्हणून भेटतो, परवानाधारक म्हणून भेटतो. सावरणारा माणूस म्हणून तो जवळजवळ भेटतच नाही.

६/ तो भेटतो दुसरीकडे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे शल्यविशारद एकत्र आले. दोघेही दारूने पोखरलेले. विल्सनला उमगले ते इतकेच: दुसऱ्या दारुड्याशी बोलत राहिले की स्वतःला प्यावेसे वाटत नाही. यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजे एए उभी राहिली. तिचे मूळ पुस्तकही १९३९ चेच, मुंबईतील पहिल्या दारूबंदीच्या वर्षाचे.

७/ भारतात एएची सुरुवात १९५७ साली मुंबईत झाली. सदस्यत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. प्रवेश फी नाही, बाहेरची देणगी नाही, आडनाव विचारणे नाही. जात आडनावातून वाचणाऱ्या आपल्या समाजात या शेवटच्या नियमाचे मोल मोठे आहे.

८/ महाराष्ट्राची स्वतःची वाट म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले. ‘सहचरी’ या गटातून व्यसनी माणसांच्या पत्नींनाही आधार मिळाला. घर हेही आजारातून सावरते, ही जाण त्यामागे होती.

९/ सोलापुरातही दृष्टी बदलली. २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांच्या ‘ऑपरेशन परिवर्तन’ने हातभट्टीवर पोट असलेल्या कुटुंबांना पर्यायी रोजगाराकडे वळवण्याचा प्रयत्न केला. भट्टीमागचा माणूस दिसू लागला. ग्लासामागचा माणूसही दिसायला हवा.

१०/ हा धागा का लिहिला? काही महिन्यांपूर्वी जुळे सोलापुरातील आमच्या घरी एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले, “तू इतिहास शिकतोस ना? मग सांग, माझ्यासारख्याने जायचे कुठे?” अबकारी कायद्याची कलमे मला पाठ होती. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

११/ शोधल्यावर हाती आले ते असे. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय निःशुल्क हेल्पलाइन. १४४१६ ही मानसिक आरोग्याची ‘टेलि-मानस’. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारावे, एएच्या सभांचा दिवस आणि जागा फोनवर ताजी करून घ्यावी. ‘खुल्या’ सभेला घरच्यांनाही बसता येते.

१२/ एक सूचना जपून वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू तोडू नये. झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. आधी वैद्यकीय उपचार, मग गट. गट हा उपचाराचा पर्याय नव्हे, त्याला दिलेली लांब साथ आहे.

१३/ वडीलधारे पहिल्या सभेला गेले तेव्हा मी बाहेर दुचाकीवर बसून होतो. तासाभराने ते आले, काही बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाले, “पुढच्या आठवड्यात पुन्हा सोड.” या इतिहासाचे दप्तर कुठल्याही अभिलेखागारात मिळणार नाही, नाव न नोंदवणे हाच त्याचा नियम. म्हणून इथे नोंदवतो, नावाशिवाय.

धागा समाप्त. तुमच्या गावातील सभेची खात्रीशीर माहिती असल्यास खाली लिहा. व्यक्तींची नावे मात्र नकोत.