मांजराचा दूधभात

डिचोली तालुक्यात कुडणे गावी गुजीर हे पडकं जैन मंदिर आहे. म्हणजे या मुलखात श्रावकांची घरं जुनी. आणि घर म्हटलं की उंदीर, मांजर आलंच.

12 व्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात ‘असतीपोषण’ निषिद्ध ठरवलं, म्हणजे पैशासाठी कुत्री-मांजरं पोसणं. दारी आलेल्या जिवाला उपाशी ठेवा, असं त्यात नाही हो!

पेडण्या-डिचोलीत शेजारीपाजारी मांजरासाठी बांगड्याचं डोकं राखतात, आपण दूधभात घालतो. कुत्र्याचं भात-भाकरीवर बरंचसं निभतं. माणसाच्या संगतीत त्याला पिष्ट पचू लागलं, हे 2013 साली त्याच्या जनुकांतही दिसलं. (कांदा-लसूण आपल्याला वर्ज्य, त्या दोघांना तर विषच.)

मांजराचं तसं नाही. त्याला लागणारं टॉरिन मांस-मासळीत असतं, भातात नसतं. ते न मिळाल्यास दृष्टी जाते, हे 1975 मध्ये कळलं. हृदयही दुबळं होतं, हे 1987 मध्ये. आपल्या व्रतापायी त्याचे डोळे जावेत, याला मी तरी अहिंसा म्हणणार नाही.

आता टॉरिन कारखान्यात, प्राण्याविना बनतं. पण नुसतं तेवढं दूधभातात कालवून भागत नाही. पशुवैद्याला विचारून पुरतं खाणं निवडावं. तेही मनाला पटत नसेल, तर पिल्लू घरी आणण्याआधीच ठरवावं.