‘फ्लो नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या मिरवणुकीत माझ्या आतेभावाने मोबाइलवर नाशिक ढोल रेकॉर्ड केला आणि त्याचा चार्ट बनवला. ऱ्हिदम गेम खेळणाऱ्यांना चार्ट म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: संगीताच्या कुठल्या क्षणी खेळणाऱ्याने कळ दाबायची, त्याचा आराखडा. तीन आठवडे तो त्यावर बसला होता. मी एकदाच खेळलो आणि कळवलं, “फ्लो नाही रे. जरा फील आण.”

त्याने चार्ट पुसून टाकला. त्यानंतर वर्षभर एकही बनवला नाही.

हे शब्द मी शोधलेले नव्हते. कोनामीचा ‘बीटमेनिया’ १९९७ साली आला, ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ १९९८ साली. तेव्हा चार्ट कंपनीच बनवायची. खेळणाऱ्याने फक्त नाचायचं. पुढे ‘स्टेपमेनिया’ आणि २००७ साली ‘ओसू!’ आले, आणि कुणीही घरबसल्या चार्ट बनवू लागला. बनवणारे वाढले तसे नावं ठेवणारेही वाढले. त्यांची शब्दसंपत्ती मात्र बेताचीच राहिली: फ्लो, फील, ‘ओव्हरमॅप्ड’. हा शेवटचा शब्द एक जण गाण्यात आवाजच नाही तिथे नोट टाकली म्हणून वापरतो, तर दुसरा बोटं दुखली म्हणून.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ‘लय’ हाच शब्द घ्या. कधी तो वेग असतो, कधी दोन मात्रांमधलं अंतर, कधी नुसता डौल. ‘लय भारी’मधल्या लयीचा तर तालाशी काही संबंधच नाही. तरीही तबल्याच्या शिकवणीत ‘वजन नाही’ एवढं म्हणून भागायचं, कारण गुरू लगेच मांडीवर ठेका धरून तो बोल वाजवून दाखवायचे. शब्द मोघम असला तरी हात मोघम नव्हता.

अडचण येते ती शिष्य समोर नसताना. हे ज्यांनी फार आधी ओळखलं, त्यांच्यापैकी एक आमच्या नाशकात राहिले. विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली होती. अशा माणसाने गाणं कागदावर उतरवण्याची पद्धत बसवली, याचं मला अजून नवल वाटतं. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे एका वर्गात अनेक मुलं एकदम शिकायची, म्हणजे छापील पुस्तक हवं, आणि पुस्तकात मांडीवर ठेका धरता येत नाही. म्हणून प्रत्येक स्वराखाली त्याच्या काळाची खूण आली: ही एक मात्रा, ही अर्धी, ही पाव. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आले आणि इथे त्यांनी रामनाम-आधार आश्रम काढला. त्यांचे पुत्र, गायक द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली इथलाच.

त्याच काळात मुंबईत विष्णु नारायण भातखंडे वेगळी पद्धत बसवत होते. त्यांनी समेला फुली दिली, खालीला शून्य, आणि एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली चंद्रकोरीसारखी रेघ. आता गंमत पाहा. पलुस्करांच्या पद्धतीत स्वराखालचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. भातखंड्यांचं शून्य म्हणजे खाली. दोन विष्णूंचं शून्य एकच, अर्थ दोन! पण इथे घोटाळा होत नाही, कारण आपल्या शून्याचा अर्थ काय हे दोघांनीही आधीच सांगून ठेवलंय. माझ्या ‘फ्लो’चा अर्थ मी कुठे सांगितला होता?

खरं सांगायचं तर, तो मलाच माहीत नव्हता.

पुसण्याआधी त्याने मला पाठवलेली फाइल माझ्याकडे होती. परवा ती एडिटरमध्ये उघडली, वेग निम्म्यावर आणला आणि कान देऊन ऐकलं. सुरुवात चोख होती. ढोलाचा प्रत्येक जड ठोका जागेवर. ताशाची तर्री (मिसळीवरची नव्हे) तीही ठीक. बेचाळिसाव्या सेकंदाला मात्र ताशा एका ठोक्यात तीन-तीन घाव घालू लागतो, आणि भावाने तिथेही ठोक्याचे चारच भाग पाडले होते. आमचे तबल्याचे सर याला एका वाक्यात सांगतील: ताशा तिस्र जातीत गेलाय, तू चतस्रातच बसलायस. अख्ख्या चार्टमध्ये चूक एवढीच. आठ ठोक्यांची. दुरुस्तीला पाच मिनिटंही लागली नसती.

म्हणजे बोटांना काहीतरी खटकलं होतं, ते खरंच होतं. पण ते कुठे आणि का, हे शोधायचे कष्ट मी घेतले नाहीत, आणि माझं न कळणं ‘फ्लो’ या भारदस्त शब्दाखाली झाकलं. तीन आठवड्यांची मेहनत अशी दोन शब्दांत गेली.

मी त्याला लिहिलं, “बेचाळिसाव्या सेकंदापासून आठ ठोके. तिथे चाराऐवजी तीन भाग करून बघ. बाकी काही हलवू नकोस.”

रात्री उशिरा उत्तर आलं. “दादा, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?”

पाठोपाठ नवी फाइल आली. या वेळी मी ती तीनदा खेळलो, मगच लिहायला बसलो.