एरंडेलापासून सिंथेटिकपर्यंत

वडिलांची १९५६ सालची मॉरिस मायनर माझ्याकडे आली, तेव्हा कौतुकानं मी तिच्यात महागडं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक तेल ओतलं. आठवडाभरात गाडीखालची फरशी काळी झाली. आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "साहेब, म्हातारीला पेज पाजलीत, गळणारच!" मी दोष दिला तो ‘सिंथेटिक’ या शब्दाला. मिस्त्रींनी दिला होता पातळपणाला. बरोबर तेच होते.

ब्रिटिश मोटारींच्या तेलाची गोष्ट आजीच्या बाटलीतल्या एरंडेलाशी येऊन भिडते. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ मध्ये लंडनला वंगणाचा धंदा काढला. १९०९ मध्ये त्यांनी एरंडेल मिसळलेलं तेल विकायला आणलं. एरंडेल म्हणजे ‘कॅस्टर’, म्हणून नाव कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनंही एरंडेलावरच चालत. (वैमानिकांच्या पोटावर त्याचा व्हायचा तो परिणाम होई म्हणतात!) पण तापून तापून ते राळेसारखं चिकट होई, म्हणून रोजच्या मोटारींत खनिज तेलच टिकलं.

माझ्या मायनरचं ए-सिरीज इंजिन १९५१ मधलं. त्याच्या क्रँकशाफ्टला मागच्या बाजूनं रबरी सील नाहीच. तिथे स्क्रूसारखे आटे आहेत. दांडा फिरताना ते तेल आत लोटतात. गाडी थांबली की थेंब सुरू! १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी आणली आणि गिअरबॉक्सच इंजिनाच्या तेलात बसवला. दात्यांमध्ये तेल भरडलं जाऊन त्याचा दाटपणा लवकर कमी होई. अशा गाड्यांना २०डब्ल्यू-५० हे दाट तेल मानवलं.

सिंथेटिक तेलं मोटारवाल्यांच्या हाती आली ती सत्तरच्या दशकात. दाटपणा तोच ठेवला, तर ती या इंजिनांना बाधत नाहीत. खरी मेख जस्ताची. कॅमशाफ्ट टॅपेटवर घासतो तिथे जस्त-फॉस्फरसचं संयुग झीज रोखतं. मात्र फॉस्फरसनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडतो, म्हणून नव्या मोटारींच्या तेलांत ते घटवलं गेलं. डब्यावर भारी नाव असलं, तरी म्हातारीच्या कॅमशाफ्टला ते तेल अपुरं पडू शकतं.

आता मी जस्ताचं प्रमाण पाहून साधं २०डब्ल्यू-५० खनिज तेलच घालतो. वर्षाकाठी जेमतेम पाचशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं तेल तसंही दरवर्षी बदलावं लागतं. तिथे चौपट पैसे कशाला? फरशीवर पत्र्याचा ट्रे ठेवलाय. थेंब पडतात, पण मोजके.