समाजकार्य संशोधनाची शासकीय व कायदेविषयक साधने : कुडाळ तालुका

समाजकार्याच्या अभ्यासकाला लागणारे शासनाचे, न्यायालयांचे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे कागद. अधिनियम, नियम, राजपत्र, शासन निर्णय, महसुली दप्तर, ग्रामसभेची इतिवृत्ते, न्यायनिर्णय आणि जनगणना हे त्यांतले मुख्य प्रकार. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यात हे कागद कुठे असतात आणि ते कसे वाचावेत, हा या नोंदीचा विषय. साधनांची नुसती यादी अभ्यासकाच्या फार कामी येत नाही. प्रश्न हातात असला की कागद आपोआप एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. म्हणून येथे एकच प्रश्न धरला आहे : नवरा वारल्यावर कुडाळच्या एखाद्या वाडीतल्या बाईच्या नावावर काय राहते?

जुने दप्तर : कुडाळचा जुना कागद शोधताना आधी काळ ठरवावा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीची जनगणना, गॅझेटियर आणि जिल्ह्याची आकडेवारी रत्नागिरीच्या नावाने सापडते. १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत कुडाळ सावंतवाडी संस्थानात होते, तर शेजारचे मालवण ब्रिटिश मुलखात. त्यामुळे शेजारी असूनही या दोन गावांचे १९४८ पूर्वीचे कागद दोन वेगळ्या राजवटींचे आहेत आणि त्यांच्यावरून थेट तुलना करता येत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड (१८८०) रत्नागिरी आणि सावंतवाडी असा दोघांचा मिळून आहे. रत्नागिरी जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर १९६२ चे. गावाच्या चालीरीतींसाठी ते वाचावेत, पण लिहिणारा साहेबी किंवा सरकारी नजरेने पाहत होता हे लक्षात ठेवून.

सातबारा व फेरफार : बाईच्या हक्काचा पहिला पुरावा इथे सापडतो, आणि अभ्यासकांची सर्वांत जास्त फसगतही इथेच होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली ठेवलेला गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, तर नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. कुडाळकडे तो सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरावरून मागायचा. आज तो संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो, म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण सातबारा सांगतो ती फक्त आजची स्थिती. बाईचे नाव कधी आले, कधी गेले आणि कोणाच्या सांगण्यावरून गेले, हे फेरफारात असते. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफाराचा क्रमांक. कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर हे कंस आणि वर्तुळे डोळ्यांत भरतात. अभ्यासकाने कंसातली नावे आधी वाचावीत.

फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. वारसाच्या नोंदीची भाषा ठरलेली असते : अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वर्दी कोणी दिली, वारस कोण कोण, त्यांचे मयताशी नाते काय. तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो (कलम १५०). वारसांची वेगळी नोंदवही गाव नमुना ६-क, तक्रारींची ६-अ. बाईने हरकत घेतली होती का, हा प्रश्न असेल तर ६-अ पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये. तलाठ्याचे पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी. अर्जावर नवे नाव लिहावे, मात्र वाडीत विचारताना तलाठीच म्हणावे.

दोन लघुरूपांकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरे ज्या नावामागे असतील त्या एका पुरुषाच्या नावाआड त्याचे भाऊ, बहिणी, विधवा भावजया असे अख्खे घर असू शकते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता : मुलगा लहान असताना आईचे किंवा चुलत्याचे नाव अशा रीतीने लागलेले असते. यांचा अर्थ न कळता ‘तालुक्यात इतके टक्के खातेदार स्त्रिया’ असा आकडा काढला, तर तो चुकणारच. शिवाय २०२५ च्या उन्हाळ्यात राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावली गेली. त्या वर्षी वारस-फेरफार वाढलेले दिसले म्हणून समाज बदलला असे लिहू नये. मोहिमेचा शासन निर्णय सोबत ठेवून ते आकडे वाचावेत.

कायदा एक सांगतो आणि वही दुसरे, ही तफावत हाच खरा संशोधनविषय. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. मुलींना सहदायादाचा (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या भागीदाराचा) हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून. सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (११ ऑगस्ट २०२०) या निकालात तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरी पुष्कळदा वारस-फेरफाराच्या पाठोपाठ बहिणींचे हक्कसोडपत्र येते. ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेले असते आणि सूची क्रमांक २ मध्ये त्याचा सारांश मिळतो. वारसाची नोंद आणि हक्कसोड यांत किती दिवस गेले, ते मोजावे. दिवस कमी असतील तर त्या कुटुंबाशी बोलण्याची वेळ आली असे समजावे. तालुक्यातल्या ख्रिस्ती आणि मुस्लिम घरांना वेगळे वारसा कायदे लागू आहेत, त्यांची गणती वेगळी ठेवावी.

सातबारा म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते. आणखी एक नेहमीचा गोंधळ : तलाठ्याकडचा गाव नमुना ८-अ म्हणजे जमिनीचा खातेउतारा, आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची वही. जमीन चुलत्याच्या नावावर आणि घरपट्टी विधवेच्या नावावर, असेही सापडते. एकच वही पाहणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

शासन निर्णय, परिपत्रक, राजपत्र : विधिमंडळ करते तो अधिनियम, त्याखाली शासन करते ते नियम, राजपत्रात प्रसिद्ध होते ती अधिसूचना. शासन निर्णय आणि परिपत्रक ही प्रशासनाची आज्ञा असते, तिला अधिनियमाचे बळ नसते. हा भेद प्रबंधांत वारंवार पुसला जातो. हेरवाड (जि. कोल्हापूर) ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. त्यावरून ‘महाराष्ट्रात विधवा प्रथाबंदी कायदा झाला’ असे लिहिले गेलेले वाचले की वाईट वाटते. कायदा झालेला नाही, आवाहन झाले आहे. आपल्या गावाने पुढे काय केले ते ग्रामसभेच्या इतिवृत्तातच दिसेल : ठराव आला का, सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि उपस्थितीच्या पानावर बायकांच्या सह्या किती.

शासन निर्णय कसा वाचावा? वरच्या बाजूला ‘वाचा’ असे लिहून आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा दिलेल्या असतात. घाईत ही यादी सोडली जाते, पण योजनेची सगळी वंशावळ तिथे असते. एक एक मागे जात राहिले की मूळ निर्णय हाती लागतो. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय देणारी लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ ची. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्याआधीच गावोगाव ही चळवळ चालवली होती. निर्णयाचा कागद चळवळीनंतर आला, हा क्रम वाचताना लक्षात घ्यावा. शासन निर्णयाच्या शेवटी संगणक सांकेतांक असतो. संदर्भ देताना विभाग, क्रमांक, दिनांक आणि हा सांकेतांक चारही द्यावेत. राजपत्राची कोकण विभागाची पुरवणी वेगळी निघते. अधिनियमाचा मराठी पाठ वाचावा, त्यातल्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवावा, मात्र अर्थाचा वाद निघाला तर इंग्रजी पाठ पाहावा. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे वरिष्ठ न्यायालयांत तोच अधिकृत.

मृत्यूची नोंद व निवृत्तिवेतन : विधवेच्या प्रत्येक अर्जाला मृत्यूचा दाखला लागतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या अधिनियमाने मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते. कुडाळात याचा अर्थ फार मोठा. चाकरमानी मुंबईत वारला तर नोंद महापालिकेत, आणि बांबोळीच्या रुग्णालयात वारला तर गोव्यात. म्हणून ग्रामपंचायतीच्या मृत्यू रजिस्टरवरून गावातल्या विधवांची संख्या काढता येत नाही. त्यापेक्षा तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेतली लाभार्थी यादी आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्ते जास्त उपयोगी. तिथे नामंजूर अर्जही असतात आणि नामंजुरीचे कारणही. संजय गांधी निराधार अनुदान आणि ६५ वर्षांवरील श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन या दोन्हींची रक्कम २०२३ मध्ये हजारावरून महिना १,५०० रुपये झाली. उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१,००० रुपये. या दोन आकड्यांवर स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा.

न्यायालये : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली विधवेलाही सासरच्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. असे अर्ज कुडाळच्या दंडाधिकारी न्यायालयात चालतात. संरक्षण अधिकाऱ्याचा कौटुंबिक घटना अहवाल हा त्यांतला मोलाचा कागद. जिल्हा न्यायालय सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला. ई-कोर्ट्सवर प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, त्यावरून तारखा आणि आदेश पाहता येतात. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे गेला. त्याआधीचे निकाल मुंबईच्या मुख्य पीठाखाली शोधावेत. छळाच्या गुन्ह्यांची आकडेवारी घेताना १ जुलै २०२४ ही तारीख विसरू नये : आधी भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ, नंतर भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ व ८६. जुन्याच कलमाने शोध घेतला तर गुन्हे घटल्यासारखे दिसतील.

आकडेवारी : जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचे वार्षिक ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हा पत्रके आणि जनगणना. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०७९ वरून १,०३६ वर आल्या. हजाराच्या वरचे हे प्रमाण पाहून जिल्ह्यात स्त्रीला मान आहे असा निष्कर्ष काढणारे लेख निघतात. गावातले पुरुष मुंबईला गेलेले असतात, हे त्यामागचे मोठे कारण. कुडाळ २०११ मध्ये केवळ जनगणना शहर होते, नगरपंचायत नंतर झाली, म्हणून हद्दी तपासून घ्याव्यात.

माहितीचा अधिकार : २००५ च्या अधिनियमाखाली अर्जाला १० रुपये शुल्क आणि पानाला २ रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा. मुदत तीस दिवसांची. ढिगाने प्रती मागण्यापेक्षा अभिलेखांची पाहणी मागावी. कार्यालयातल्या माणसाला ते सोपे जाते, आणि मागायचे सुचलेच नव्हते असे कागदही समोर येतात. कलम ४ खाली कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध केलेली माहिती आधी पाहावी. खासगी माहितीच्या कलम ८(१)(ञ) मध्ये २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बदल केला आहे, म्हणून नावांऐवजी संख्या आणि प्रक्रिया विचारावी.

नावे व ओळख : सातबारा कोणालाही पाहता येतो म्हणून त्यावरची नावे प्रबंधात छापावीत असे नाही. नाव बदलले आणि सर्व्हे नंबर तसाच ठेवला तर काहीच झाकले जात नाही. वाडीत पंचवीस घरे असली की ‘तीन मुलींची विधवा, नवरा गिरणीत होता’ एवढ्यावर माणूस ओळखला जातो.

कागदाची परतफेड : मुलाखतीत बाई विचारते, ‘‘सातबाऱ्यार माझा नाव चढला काय?’’ तिला हे ठाऊक नसते, आणि अभ्यासकाच्या पिशवीत उतारा असतो. तो तिला वाचून दाखवावा आणि फेरफाराची एक नक्कल तिच्याकडे ठेवावी. नाव वगळून नोंद प्रमाणित झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करता येते (जमीन महसूल संहिता, कलमे २४७ व २५०). मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडता येतो. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही.