शिकारीच्या लाँगबोची लांबी

शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या लाँगबो या लांब, साध्या धनुष्याची लांबी हा धनुर्विद्येतील एक महत्त्वाचा विषय आहे. अमेरिकेत शिकारीसाठी बनवले जाणारे आधुनिक लाँगबो सामान्यतः ६२ ते ७० इंच (सुमारे १५७ ते १७८ सें.मी.) लांबीचे असतात. योग्य लांबी प्रथम धनुर्धराच्या ओढीवरून आणि त्यानंतर शिकारीच्या जागेवरून ठरते. नेम चुकल्यास प्राणी जखमी होऊन दूर पळतो आणि यातना सोसत मरतो. त्यामुळे ही निवड केवळ सोयीची बाब मानली जात नाही.

व्याख्या व मापन

लाँगबोच्या भुजा जवळजवळ सरळ असतात आणि चढवलेली प्रत्यंचा केवळ टोकांच्या खाचांनाच स्पर्श करते. रिकर्व्ह धनुष्यात भुजांची टोके पुढे वळलेली असल्याने प्रत्यंचा भुजांवरही टेकते. हा दोन्ही प्रकारांमधील मुख्य भेद होय. अमेरिकी उत्पादकांच्या संकेतानुसार धनुष्याची नमूद लांबी ही प्रत्यंचेच्या लांबीपेक्षा ३ इंचांनी अधिक धरली जाते.

धनुर्धर प्रत्यंचा जेवढी मागे खेचतो, त्या अंतराला ओढीची लांबी म्हणतात. तिचा स्थूल अंदाज वावेवरून बांधता येतो. दोन्ही हात आडवे पसरून मोजलेल्या वावेला २.५ ने भागतात. ७० इंच वाव असणाऱ्या व्यक्तीची ओढ सुमारे २८ इंच भरते. लाँगबो वापरताना कोपर किंचित वाकवण्याची अनेकांची सवय असते. अशा धनुर्धराची प्रत्यक्ष ओढ या अंदाजापेक्षा इंचभर कमी असू शकते.

लांबीचे परिणाम

प्रत्यंचा पूर्ण खेचल्यावर बोटांपाशी तिचा कोन तयार होतो. धनुष्य जितके आखूड, तितका हा कोन लहान होतो आणि तर्जनी व मध्यमा बाणाच्या मागील टोकावर दाबली जातात. त्यामुळे प्रत्यंचा सुटताना झटका बसून बाण भरकटण्याची शक्यता वाढते. आखूड धनुष्यात ओढीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत ताणही झपाट्याने वाढतो. अशा वेळी धनुर्धर नकळत पूर्ण ओढ न घेताच बाण सोडतो.

लांब धनुष्याचा ताण समप्रमाणात वाढतो, ते हातात अधिक स्थिर राहते आणि बाण सोडताना झालेली लहानशी चूक सांभाळून घेते. परंतु त्याच्या भुजा अधिक जड असतात. साठलेल्या ऊर्जेचा काही भाग त्या भुजा हलवण्यात खर्च होतो. शिवाय झुडपांत, मचाणावर किंवा लहानशा आडोशात त्याची टोके अडकतात.

निवडीचे निकष

ओढीच्या लांबीनुसार सामान्यतः पुढीलप्रमाणे निवड केली जाते. धनुष्याच्या घडणीनुसार तीत फरक पडतो.

• २६ इंचांपर्यंत ओढ : ६२ ते ६४ इंच
• २७ ते २८ इंच ओढ : ६४ ते ६६ इंच
• २८ ते २९ इंच ओढ : ६६ ते ६८ इंच
• २९ इंचांहून अधिक ओढ : ६८ ते ७० इंच

एकाच लाकडाच्या, मुठीतूनही वाकणाऱ्या धनुष्यासाठी ओढीची दुप्पट अधिक १० टक्के ही किमान लांबी मानली जाते. या हिशेबाने २८ इंच ओढीसाठी सुमारे ६२ इंच लांबी लागते. मूठ ताठ असल्यास वाकणारा भाग कमी उरतो, म्हणून धनुष्य त्याहून लांब ठेवावे लागते. अन्यथा ते मोडण्याचा धोका असतो. काचतंतू व लाकडाचे थर चिकटवून केलेली धनुष्ये तुलनेने आखूड असली तरी टिकतात.

त्यानंतर जागेचा विचार येतो. मोकळ्या गवताळ प्रदेशात लांब धनुष्य अडचणीचे ठरत नाही. दाट रानात किंवा बसून बाण सोडायचा असल्यास दोन इंच कमी लांबी स्वीकारली जाते. तथापि धनुष्य तिरपे धरूनही ही अडचण बरीच दूर होते. म्हणून जागेसाठी ओढीचा बळी देणे योग्य समजले जात नाही. उभे राहून, गुडघा टेकून व बसून अशा तिन्ही स्थितींत पूर्ण ओढ घेता येते की नाही, हे पाहणे ही निवडीची खरी कसोटी होय.

ओढीचे वजन हा लांबीहून वेगळा निकष आहे. ते प्रथेनुसार २८ इंच ओढीवर मोजले जाते. ५० पौंड असे नोंदवलेले धनुष्य २६ इंचच खेचल्यास सुमारे ४५ पौंडच बळ देते. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी किमान वजन कायद्याने ठरवलेले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेचा सांगाडा १९८२ मध्ये वर काढण्यात आला. या नौकेवर सापडलेले यू लाकडाचे लाँगबो १.८७ ते २.११ मीटर लांबीचे आहेत. ती युद्धाची धनुष्ये होती. शिकारीच्या धनुष्यासाठी ते माप आदर्श ठरत नाही. याउलट, कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी हा शिकारी स्नायुतंतूंचे अस्तर लावलेले, चार फुटांहूनही आखूड धनुष्य वापरी व सावजाच्या अगदी जवळ जाई. त्याच्याकडून ही विद्या शिकलेले डॉ. सॅक्स्टन पोप यांनी मात्र इंग्लिश पद्धतीचे लाँगबो पसंत केले. शिकारीवरील त्यांचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने धनुष्याने हरणाची शिकार करण्यासाठी स्वतंत्र हंगामास मान्यता दिली.

प्राचीन भारतीय मापनपद्धतीत ‘धनू’ हे ४ हातांचे, म्हणजे ९६ अंगुळांचे एकक होते. धनुष्याचे माप मानवी शरीराशी जोडलेले असल्याचे त्यावरूनही दिसते.

कायदेशीर स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी असून त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा समावेश आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने धनुष्याने वन्य प्राणी मारण्यास मनाई केली. त्यामुळे या दोन्ही देशांत लाँगबोचा वापर लक्ष्यवेध आणि प्राण्यांच्या प्रतिकृतींवरील नेमबाजी यांपुरता मर्यादित आहे. अशा क्रीडाप्रकारांत धनुष्याची लांबी निवडतानाही ओढीचा निकषच प्रथम लावला जातो.