गाईच्या टीबीची सुई किती खरं सांगते? थोडा इतिहास, थोडा हिशेब

धानाची चुरणी आटोपली, हाताला जरा उसंत आहे, म्हणून आज लांबलचक लिहितो. संकरित गाय घेताना टीबीची तपासणी करावी का, आणि केली तर त्या कागदावर किती भरवसा ठेवावा, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. याचं उत्तर हो-नाही असं देता येत नाही. ही सुई कुठून आली ते आधी पाहावं लागते.

रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये टीबीचा जंतू दाखवला. पुढे १८९० मध्ये त्यानं टीबीवर औषध सापडल्याचं जाहीर केलं. जंतू वाढवून, उकळून काढलेला तो अर्क. त्याचं नाव ट्युबरक्युलिन. जगभरातून रोगी बर्लिनला धावले. औषध पार फसलं, काही लोक दगावले. पण एक गोष्ट ध्यानात आली: ज्याच्या अंगात टीबी आहे त्याला हा अर्क टोचला की ताप चढतो, निरोग्याला चढत नाही. ढोरांच्या डॉक्टरांनी ती लगेच उचलली, आणि एक-दोन वर्षांत युरोपात गाईंना सुया सुरू झाल्या.

हाच कॉख १८९७ मध्ये प्लेगसाठी मुंबईला आला होता, आणि हिमालयात मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतही जाऊन आला. ती प्रयोगशाळा मूळची आपल्या पुण्याची बरं का! १८८९ ला पुण्यात सुरू झाली, १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवली. आजची बरेलीजवळची इज्जतनगरची पशुवैद्यक संस्था ती हीच. ढोरांच्या तपासणीचं ट्युबरक्युलिन तिथं तयार होते.

सुरुवातीची तपासणी तापावर होती. कातडीखाली अर्क टोचायचा आणि तासातासानं थर्मामीटर लावत बसायचं. आता ताप काय एका टीबीनंच येते का? वैशाखात दुपारी बांधीतून आलेल्या म्हशीला थर्मामीटर लावून पाहा. म्हणून पुढे कातडीतच टोचायची पद्धत आली. मानेवरचे केस कापायचे, कातडीची जाडी मोजायची, ०.१ मिली टोचायचं, आणि ७२ तासांनी त्याच जागी पुन्हा मोजायचं. जाडी ४ मिमी किंवा जास्त वाढली तर पॉझिटिव्ह, २ च्या आत असली तर निगेटिव्ह, मधलं सगळं संशयित.

इथं पहिली चूक शिरते. टीबीच्या जंतूचे भाऊबंद पुष्कळ आहेत. पाखरांच्या टीबीचा जंतू, जुनाट हगवण लावणारा जोन्स रोगाचा जंतू, मातीपाण्यातले निरुपद्रवी जंतू. यातला एखादा अंगात असला तरी मान सुजू शकते, आणि चांगली गाय बदनाम होते. त्यावर उपाय म्हणून दोन सुया आल्या. वर पाखरांच्या जंतूच्या अर्काची, खाली गाईच्या जंतूच्या अर्काची. खालची सूज वरच्यापेक्षा ४ मिमीहून जास्त असली तरच पॉझिटिव्ह. यात निरोगी गाय फारशी अडकत नाही, पण आजारी गाय जास्त निसटते. शंभर बाधितांत साधारण ८० सापडतात असं बरेच अभ्यास सांगतात.

दुसरी चूक मला जास्त धोक्याची वाटते. लागण होऊन थोडेच आठवडे झालेली गाय सुजत नाही. नुकतीच व्यालेली गाय कधीकधी सुजत नाही. आणि रोगानं पार खंगलेली, सगळ्यात जास्त जंतू उडवणारी गायही सुजत नाही, कारण तिच्या अंगात सूज आणण्याइतकं बळच राहत नाही. वरून, एकदा टोचल्यावर काही दिवस कातडी दाद देत नाही, म्हणून संशयित ढोराची फेरतपासणी ४२ दिवसांच्या आत करत नाहीत. अमेरिकेतल्या जुन्या दलालांना हे पक्कं माहीत होतं. विकायच्या आधी गुपचूप ट्युबरक्युलिन टोचून ठेवायचे, मग सरकारी डॉक्टरच्या सुईला गाय ‘साफ’ निघायची. दलाल कुठचाही असो!

मागच्या साली एका बाजारात मला असाच कागद दाखवला. त्यावर ‘निगेटिव्ह’ एवढंच. तारीख नाही, मिमी नाही, एक सुई की दोन तेही नाही. गाय चांगली होती, दूधही होतं. मी घेतली नाही.

आता हिशेब. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात देशभरातले जुने अहवाल एकत्र करून सुमारे ७.३ टक्के गाई-म्हशींना लागण असावी असा अंदाज काढला आहे. समजा १००० ढोरं, त्यात ७० बाधित. तपासणी शंभरात ८० बाधित पकडते आणि शंभर निरोग्यांत ४ चुकून अडकवते, असं धरू. बाधितांतले ५६ सापडले, १४ निसटले. निरोगी ९३०, त्यातले ३७ अडकले. म्हणजे ९३ पॉझिटिव्हमध्ये ३७ बिनदोषी! आणि जिथं हजारात पाचच बाधित आहेत तिथं? ४ खरे, ४० खोटे. सुई तीच, अर्क तोच. म्हणून एकट्या ढोराच्या कागदापेक्षा ते कोणत्या कळपातून आलं, तिथं खोकणारी, खंगणारी ढोरं आहेत का, हे विचारणं मला मोलाचं वाटते.

बाहेरच्या देशांनी या चुका पचवल्या, कारण त्यांनी पॉझिटिव्ह ढोर सरळ कापलं. अमेरिकेनं १९१७ पासून तसं केलं. ऑस्ट्रेलियानं १९७० मध्ये मोहीम धरली आणि १९९७ ला देश टीबीमुक्त जाहीर केला. आपल्याकडं ते होणं नाही. मग होते काय, पॉझिटिव्ह गाय पुढच्या बाजारात जाते आणि दुसऱ्याच्या कोठ्यात रोग नेते.

आपल्या कामाचा माणूस डेन्मार्कचा बर्नहार्ड बांग. १८९२ पासून त्यानं सुजलेली ढोरं न मारता वेगळी केली. कोठा वेगळा, माणूस वेगळा, आणि वासरू जन्मताच आईपासून काढून उकळलेल्या किंवा निरोगी गाईच्या दुधावर. चुकून अडकलेली गाय यात मरत नाही, दूध देत राहते. निसटलेली गाय मात्र साफ कोठ्यातच राहते, म्हणून तो निरोगी भागाची तपासणी पुन्हापुन्हा करायचा. खर्च आहे, पण दोन-चार गाईंच्या मालकालाही मधे भिंत, वेगळी गव्हाण आणि वेगळी बादली जमू शकते. दूध उकळूनच प्यायचं. धारोष्ण दुधानं ताकद येते म्हणणारे आमच्याकडं अजून आहेत, त्यांच्याशी वाद घालून मी थकलो.

आता रक्ताचीही तपासणी आहे, गॅमा इंटरफेरॉन नावाची, ऑस्ट्रेलियात निघालेली. ती कातडीच्या सुईपेक्षा थोडी जास्त बाधित ढोरं पकडते, पण निरोगीही थोडे जास्त अडकवते. रक्तातल्या पेशी जिवंत असतानाच प्रयोगशाळेत पोचाव्या लागतात. बर्फात ठेवायचं नाही, तापू द्यायचं नाही. तिरोड्याच्या मे महिन्यात हे कसं जमवायचं ते डॉक्टर मंडळींनी खाली लिहावं. आणि ज्यांच्याकडं तपासणीचं जुनं कार्ड असेल त्यांनी त्यावरचा मिमीचा आकडा आणि तारीख टाकावी. नाव-गाव नको.